इन द टाइम ऑफ द बटरफ्लाइज
जुलिया अल्वारेझ या डोमिनिकन-अमेरिकन लेखिकेची १९९४ साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी. डोमिनिकन प्रजासत्ताकातील राफाएल त्रुहियोच्या हुकूमशाहीविरुद्ध (१९३०–६१) झगडणाऱ्या मिराबाल भगिनींच्या आयुष्यावर ती आधारलेली आहे. पात्रिया, मिनर्व्हा व मारिया तेरेसा यांना २५ नोव्हेंबर १९६० रोजी, तुरुंगातील भेटीहून परतताना, मोटारचालकासह ठार मारण्यात आले. भूमिगत चळवळीत त्यांना ‘फुलपाखरे’ म्हणत.

स्मारकावरच्या वीरांगनांऐवजी हाडामांसाच्या मुली उभ्या करणे, हे या कादंबरीचे खरे बळ. धाकट्या मारिया तेरेसाची दैनंदिनी तर सर्वांत सरस. शाळकरी वयात ती नव्या बुटांविषयी लिहिते. पण पोलीस जिच्या मागावर आहेत अशा एका मुलीचे नाव वहीत आल्याने तिला त्या वहीलाच मुकावे लागते. घरात राजकारण शिरते ते असे. पुढे तुरुंगातल्या वहीची काही पाने फाडलेली आढळतात. याउलट, मिनर्व्हा नाचाच्या समारंभात हुकूमशहाला थप्पड लगावते, तो प्रसंग दंतकथेकडे झुकतो.

अल्वारेझ यांचे वडील त्रुहियोविरोधी कटात होते. हत्येच्या काही महिने आधीच ते कुटुंबासह न्यूयॉर्कला निसटले. हत्येचा दिवस १९९९ साली संयुक्त राष्ट्रांनी स्त्रियांवरील हिंसाचाराच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून घोषित केला.

कादंबरीत मागे वळून पाहणारी चौथी बहीण म्हणजे देदे. प्रत्यक्षातील देदेने बहिणींची पोरकी मुले वाढवली. २०१४ साली तिचे निधन झाले.