रात्री दारावर पडलेली थाप आणि फोनमधलं 'अलाऊ'

आजचा भाग सुरू करण्याआधी एक छोटं काम करा. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा, तुमचं लोकेशन कोणकोणत्या अॅपला कळतंय. मी परवा बघितलं, तर एका टॉर्चच्या अॅपलाही कळत होतं. आता टॉर्चला माझा ठावठिकाणा कशाला हवा?

आपल्याकडे हा प्रश्न कोर्टात पोचला तेव्हा स्मार्टफोन नव्हते. होता फक्त गावचा चौकीदार.

१९४१ साली आजच्या उत्तर प्रदेशातल्या खरक सिंग यांना दरोड्याच्या प्रकरणात पकडलं. पुरावाच नव्हता, म्हणून सोडून दिलं. पण पोलिसांनी त्यांच्या नावाने 'हिस्टरी-शीट' उघडली, आणि पाळत सुरू झाली. खरक सिंग यांची तक्रार अशी होती की, चौकीदार आणि शिपाई रात्री-अपरात्री दार ठोठावतात, झोपेतून उठवतात. दुसऱ्या गावाला जायचं तर आधी वर्दी द्यावी लागते. थोडक्यात, लाइव्ह लोकेशन!

डिसेंबर १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सहा न्यायाधीशांनी निकाल दिला. रात्री घरी जाऊन झडती-चौकशी करणं घटनाबाह्य ठरलं. पण बहुमताने असंही म्हटलं की, खासगीपणा हा घटनेने दिलेला हक्क नाही. म्हणजे दार ठोठवायचं नाही, पण नजर ठेवली तर चालेल. न्यायमूर्ती सुब्बा राव यांना हे पटलं नाही. न्यायमूर्ती शहा यांच्यासह त्यांनी वेगळं मत लिहिलं: खासगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. ते मत अल्पमतात गेलं.

आता थेट २०१२ मध्ये येऊ. कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी आधारच्या विरोधात सुप्रीम कोर्टात गेले. वय ऐंशीच्या पुढे! २०१५ साली केंद्र सरकारने कोर्टात सांगितलं की, खासगीपणा मूलभूत हक्क नाहीच. आधार कशाचा? १९५४ चा एम. पी. शर्मा निकाल आणि आपला खरक सिंग निकाल. पहिला आठ न्यायाधीशांचा, दुसरा सहा जणांचा. ते बाजूला सारायचे, तर त्याहून मोठं पीठ हवं. म्हणून नऊ न्यायाधीश बसले.

२४ ऑगस्ट २०१७. नऊच्या नऊ न्यायाधीशांचं एकमत झालं: खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल, तर कायदा हवा, योग्य कारण हवं आणि गरजेपुरताच हात घालायला हवा. सुब्बा राव यांचं मत जिंकलं, पण ५५ वर्षांनी.

इथे माझी एक कबुली. मी कोड लिहून पोट भरतो. पहिल्या नोकरीत युजरचं लोकेशन दर काही मिनिटांनी साठवायचं फीचर माझ्याकडे आलं. मी विचारलं, "हे कशासाठी?" उत्तर आलं, "ठेव रे, पुढे उपयोगी पडेल." मी ठेवलं. खूप नंतर खरक सिंग यांची केस वाचली आणि जाणवलं, मी त्या चौकीदाराचंच काम करत होतो. फक्त दार वाजत नव्हतं, म्हणून कोणाची झोपमोड होत नव्हती. आणि झोपमोड होत नाही, म्हणून कोणी तक्रारही करत नाही.

२०२३ मध्ये आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होतेय. त्यानुसार ठरावीक कामासाठी, त्या कामापुरतीच माहिती घेण्याची संमती मागायची. ती विनंती मराठीत वाचायचा पर्यायही द्यायचा. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. पण याच कायद्यात, देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकतं. म्हणजे खरक सिंग यांचा मूळ प्रश्न, पोलिसांच्या पाळतीचा, अजून पुरता सुटलेला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी 'अलाऊ' दाबण्याआधी दोन सेकंद थांबा आणि विचारा: हे कशासाठी? मी तेव्हा उत्तरावर गप्प बसलो होतो. तुम्ही बसू नका.

भेटू पुढच्या भागात!