रेंज फुल्ल, नेट गुल: लहरींच्या वाटणीची गोष्ट

मंडळी, गणपतीच्या गर्दीत मोबाईलवर रेंज फुल्ल दिसते आणि साधा फोटो जाता जात नाही. आपण कंपनीला शिव्या घालून मोकळे होतो. माझ्या मते प्रश्न रेंजचा नाहीच, वाटणीचा आहे. आणि ही वाटणी मोबाईलपेक्षा जुनी आहे.

१९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि सहकाऱ्यांनी ‘अलोहानेट’ सुरू केलं. वेगवेगळ्या बेटांवरची यंत्रं रेडिओने एका कॉम्प्युटरला जोडायची होती. प्रत्येकाला स्वतंत्र चॅनेल दिला तर तो बहुतेक वेळ रिकामाच, कारण माणूस टाइप करतो, थांबतो, विचार करतो. म्हणून सगळ्यांना एकच चॅनेल. हवं तेव्हा पाठवा. दोघांची टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा पाठवा. पण या पद्धतीत चॅनेलचा जेमतेम १८ टक्के वेळ सत्कारणी लागू शकतो. वेळेचे तुकडे पाडून, तुकड्याच्या सुरुवातीलाच बोलायचं असा नियम केला की ३७ टक्के.

पुढे टूजी आलं. २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात वेळेचे ८ खण. फोनवर बोलणाऱ्याला साधारण एक खण; तो गप्प बसला तरी खण त्याचाच. टॉवरला पहिली हाक मात्र अलोहाच्याच पद्धतीने मारायची. नंतर जीपीआरएसने डेटासाठी खण सामाईक केले: काम असेल तेव्हा घ्या, झालं की सोडा.

फोरजीत हा निवाडा टॉवरवरचा शेड्युलर दर मिलिसेकंदाला करू शकतो. ज्याची रेंज चांगली त्यालाच वाढत राहिलं तर एकूण डेटा जास्त जातो, पण लांबचा माणूस उपाशी राहतो. म्हणून एक रूढ पद्धत अशी, की आत्ता कुणाला किती वेगाने देता येईल हे बघायचंच, पण आतापर्यंत त्याच्या पानात किती पडलं तेही बघायचं. पंगतीतला जाणता वाढपी हेच करतो ना राव! फक्त पंगत हजाराची आणि भात शंभराचा असेल, तर वाढपी तरी काय करणार?

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या खटल्यात सांगितलं, की या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत. २०१२ साली त्याच न्यायालयाने टूजीचे १२२ परवाने रद्द केले. लिलावावर आपण तावातावाने भांडलो, ते योग्यच होतं. पण टॉवरखालच्या रोजच्या वाटणीबद्दल कुणी विचारत नाही.

फोनवरच्या दांड्या फक्त टॉवरचा आवाज किती स्पष्ट येतो ते सांगतात. पंगतीला किती जण बसलेत ते सांगत नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘तुमच्या गावात कव्हरेज आहे’ म्हणालं, तर एवढंच विचारा: संध्याकाळी आठ वाजता, सगळे ऑनलाइन असताना, माझ्या वाट्याला किती येतं?