खरूज, उवा आणि सरफोजीराजांच्या नोंदी

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद पाहताना मला बराकीतली खरूज आठवली. दुसरे सरफोजीराजे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यांच्या धन्वंतरी महालात औषधं बनत. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदीही ठेवल्या जात. आम्ही मात्र नोंद ठेवली नव्हती. मी एकट्यानं मलम लावलं, शेजारच्या खाटा तशाच राहिल्या आणि खाज परत आली.

खरूज सूक्ष्म किडीमुळे होते, हे १६८७ मध्ये इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी यांनी दाखवलं. आज डॉक्टर बहुधा ५ टक्के परमेथ्रिन देतात. मोठ्यांनी मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतही लावायचं, ८ ते १४ तासांनी धुवायचं, आठवड्यानं पुन्हा. घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी. कपडे, चादरी गरम पाण्यात. उवांसाठी १ टक्क्याचं, १० मिनिटं केसांना. डोळे-तोंड सांभाळा, तान्ह्या बाळासाठी आधी डॉक्टरांना विचारा.

किडे मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे राहते. घाबरून रोज मलम चोपडू नका, कातडी भाजल्यासारखी होते. कधी लावलं, कोणी लावलं, ते लिहून ठेवा. तंजावरनं हीच शिस्त शिकवली. जय हिंद!