ग्लिसरीनचे किण्वन आणि करकंब परिसरातील मळी

पंढरपूर तालुक्यातील करकंब हे गाव आज उसाच्या पट्ट्यात मोडते. शेजारच्या माळशिरस तालुक्यात माळीनगर व श्रीपूर येथील कारखाने १९३० नंतरच्या दशकातच उभे राहिले. पुढे उजनी धरणाने हा पट्टा विस्तारला. ऊस आला की मळी येते, आणि मळीमागोमाग आसवनी. या आसवन्यांतून मद्यार्काबरोबर आणखी एक पदार्थ निर्माण होतो, त्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो म्हणजे ग्लिसरीन.

यीस्ट साखर आंबवते तेव्हा ग्लिसरीन होतेच, हे पाश्चरने १८५८ ते १८६० च्या सुमारास दाखविले. त्याचे प्रमाण साखरेच्या शंभर भागांमागे साधारण तीन-साडेतीन. ऊर्ध्वपातनात मद्यार्क उडून जातो. ग्लिसरीन उडत नाही, ते स्पेंट वॉशमध्ये राहते.

पहिल्या महायुद्धात चरबीचा तुटवडा पडला तेव्हा जर्मनीतील कॉनस्टाइन व ल्यूडेके यांनी हेच गौण उत्पादन मुख्य केले. द्रवात सल्फाइट मिसळले म्हणजे अॅसिटाल्डिहाइड बांधले जाते व हायड्रोजन ग्लिसरीनकडे वळतो. महिन्याला सुमारे एक हजार टन ग्लिसरीन स्फोटकांसाठी निघाल्याचे नमूद आहे. शांतता होताच ही पद्धती मागे पडली. दोष यीस्टचा नव्हता; क्षारांनी भरलेल्या द्रवातून ग्लिसरीन वेगळे काढणेच महाग होते.

उलट दिशेचा शोध याहून जुना आहे. सायक्लोप्रोपेनचा शोधक म्हणून ज्ञात असलेल्या ऑगस्ट फ्रॉइंडला १८८१ मध्ये ग्लिसरीनच्या किण्वनातून १,३-प्रोपेनडायॉल मिळाले. १९३२ मध्ये वर्कमन व गिलेन यांनी हे कार्य करणाऱ्या जिवाणूंच्या गटाला सिट्रोबॅक्टर हे नाव दिले. ग्लिसरीनमध्ये साखरेपेक्षा हायड्रोजन अधिक. ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जिवाणूस तो कोठेतरी सोडावाच लागतो. क्लेब्सिएलामध्ये बी-१२ वर अवलंबून असणारे एंझाइम ग्लिसरीनमधून पाणी काढते, आणि उरलेल्या आल्डिहाइडवर तो हायड्रोजन चढून प्रोपेनडायॉल होते. पॉलिएस्टर धाग्यास ते उपयोगी पडते.

२००६ मध्ये अमेरिकेतील लाउडन येथे ड्यूपाँट व टेट अँड लाइल यांनी या दोन्ही पायऱ्या एकाच जिवाणूत आणल्या : इ. कोलायमध्ये साखरेपासून ग्लिसरीन करणारी जनुके यीस्टची, पुढची क्लेब्सिएलाची. कच्चा माल मक्याची साखर, बाजारातले ग्लिसरीन नव्हे.

मग करकंबच्या परिसरातील स्पेंट वॉशमध्ये जे ग्लिसरीन आयते पडले आहे, त्याचे काय? ते फुकट आहे असे मानणारे अभ्यासक युद्धकालीन जर्मनीचा अनुभव विसरतात, असे आमचे मत आहे. त्या गडद, क्षारयुक्त पाण्यात प्रोपेनडायॉल तयार करता येईल. पण ते बाहेर कसे काढावयाचे? आसवन्यांनी मिथेनीकरण स्वीकारले यामागे हाच हिशेब दिसतो. तेथेही जिवाणूच ग्लिसरीन खातात, परंतु मिथेन वायू असल्याने तो आपण होऊन द्रवाबाहेर पडतो व बॉयलरखाली जळतो.