सडपातळ देहातली चरबी

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

आपल्या खानदेशात ‘अमक्याची तब्येत सुधारली’ असे म्हणतात, तेव्हा तो जाड झाला एवढाच अर्थ असतो. सुटलेले पोट हे खात्यापित्या घराचे लक्षण आणि मधुमेह हा बसून खाणाऱ्यांचा आजार, ही आपली जुनी समजूत. पण केळीच्या बागेत दिवसभर घड वाहणाऱ्या काटक माणसाच्या रक्तातही साखर वाढलेली सापडते. मग घरचे विचारतात, ‘याला कसा झाला? हा तर मुळातच वाळलेला!’ या प्रश्नाच्या उत्तराची हकिगत मला आज सांगायची आहे. तिचा पहिला भाग परदेशात घडतो आणि दुसरा आपल्या पुण्यात.

१९२२ साली कॅनडातील टोरांटो शहरात मधुमेही मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. इन्सुलिन कमी पडले की मधुमेह होतो, असा सरळ हिशोब तेव्हा मांडला गेला. १९३६ मध्ये लंडनचे डॉक्टर हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी तो हिशोब अपुरा ठरवला. काही रोग्यांचे शरीर इन्सुलिनला दादच देत नाही, असे त्यांनी दाखवले. दाद का देत नाही, हे मात्र कळेना. चरबीकडे तर फारसे कोणी पाहतही नव्हते. अंगातली चरबी म्हणजे धान्याची कणगी. सुगीत भरायची, टंचाईत उपसायची. कणगी काही बोलत नाही!

ती बोलते, हे कळले एका उंदरामुळे. १९४९ साली अमेरिकेतील मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत एक विलक्षण लठ्ठ उंदीर आढळला. त्याची भूक भागतच नसे. पुढे तिथेच लठ्ठ आणि मधुमेही उंदरांची आणखी एक जात सापडली. डग्लस कोलमन या शास्त्रज्ञाने दोन उंदीर एकमेकांना शिवून त्यांचे रक्त एकमेकांत फिरेल अशी व्यवस्था केली. लठ्ठ मधुमेही उंदराशी जोडलेल्या निरोगी उंदराने खाणेच सोडले आणि तो उपासमारीने मेला. पहिल्या जातीचा लठ्ठ उंदीर जोडला, तर त्याचेही तेच झाले. कोलमन यांनी अर्थ लावला तो असा : ‘पुरे’ असे सांगणारा एक निरोप रक्तातून फिरतो. एका जातीला तो पाठवता येत नाही, दुसरीला तो ऐकू येत नाही.

हा निरोप्या हाती लागायला १९९४ साल उजाडले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने तो शोधला. ते एक प्रथिन होते आणि ते चरबीच्या पेशीच तयार करत होत्या. ग्रीक भाषेत सडपातळ या अर्थाचा जो शब्द आहे, त्यावरून त्याला लेप्टिन हे नाव मिळाले. लठ्ठपणावर औषध सापडले, असा एकच गाजावाजा झाला. पण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूर निघाले! मेंदूच त्याला बधत नव्हता. १९९५ मध्ये चरबीतलेच दुसरे प्रथिन, अ‍ॅडिपोनेक्टिन, उजेडात आले. हे यकृताला आणि स्नायूंना इन्सुलिनची दाद घ्यायला मदत करते. पण चरबी, विशेषतः पोटातली, वाढली की नेमके तेच कमी होते.

आता पुण्याकडे येऊ. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना आपल्या मधुमेही रोग्यांत बारीक माणसे बरीच दिसत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील बायकांचा गर्भारपणाच्या आधीपासून अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हातापायांनी किरकोळ, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळजवळ त्यांच्याइतकीच. २००२ साली पुणे आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतील रक्ताची तुलना प्रसिद्ध झाली. वजनाच्या मानाने आपल्या बाळांत इन्सुलिन आणि लेप्टिन जास्त, अ‍ॅडिपोनेक्टिन कमी होते. म्हणजे जे प्रौढपणी जडते असे आपण मानत होतो, त्याची सुरुवात पाळण्याच्याही आधी झाली होती.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात याज्ञिकांनी स्वतःचे आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना सारखेच म्हणत होता.

मला या हकिगतीत सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्या सहा गावांतली आई. ज्या बायकांच्या खाण्यात पालेभाज्या, दूध आणि फळे वरचेवर होती, त्यांची बाळे अधिक भरलेली होती. दोन तृतीयांश बायकांत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. ते दूध, अंडी, मांस-मासळीतून मिळते. बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. याचा अर्थ गरोदरपणातल्या फॉलिक आम्लाच्या गोळ्या सोडाव्यात असा नाही; बी-१२ कडेही पाहावे, एवढाच.

तेव्हा ‘मी बारीक आहे, मला काय होणार’ हे मनातून काढून टाकू या. आपल्यासाठी कमरेचा घेर पुरुषाचा ९० आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा, असे वैद्यकशास्त्र सांगते. शिंप्याकडची फीतही त्याला पुरते. वजन बेताचे असले तरी रक्त तपासून घ्यावे, घरात कोणाला मधुमेह असेल तर नक्कीच. आणि आपल्या घरांत सर्वांची पाने उठल्यावर जी मुलगी, जी सून जेवायला बसते, तिच्यासाठी मेथी-तांदुळजाची भाजी आणि दुधाचा पेला आधीच बाजूला काढून ठेवावा. तिच्या ताटात आज काय पडते, यावर पुढच्या पिढीची साखर बरीचशी अवलंबून आहे.