तार तुटली कोठे?

निरोप पोहोचला म्हणजे तो कोणत्या वाटेने आला याची चौकशी कोणी करीत नाही. तो पोहोचेनासा झाला म्हणजे मात्र वाटेची आठवण होते, आणि त्या वाटेसंबंधी आपणांस किती थोडी माहिती आहे हेही त्याच वेळी कळून येते. गेल्या श्रावणात खोडाळ्यास एका शिक्षक स्नेह्यांच्या घरी चार दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा या गोष्टीचा आम्हांस चांगलाच प्रत्यय आला. कसाऱ्याहून विहिगावमार्गे मोखाडा तालुक्यातील या गावी जाणाऱ्या प्रवाशास पावसाळ्यात डोंगर, धुके आणि पाणी यांखेरीज फारसे काही दिसत नाही. आम्ही पोहोचलो त्या रात्री पाऊस एकसारखा कोसळत होता. सकाळी उठून पाहतो तो घरातील इंटरनेट बंद, आणि घरच्या चिरंजीवांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत तर चार दिवसांवर आलेली.

अशा प्रसंगी घरोघर होते तेच येथेही झाले. प्रत्येकाने आपले निदान सांगितले. गुरुजींच्या मते यंत्र जुने झाले होते. चिरंजीवांच्या मते यंत्राच्या मागील बारीक भोकात टाचणी खुपसली म्हणजे सर्व काही पूर्ववत् होणार होते. माजघरातून आजी म्हणाल्या, "पावसानं तार तुटली असेल कुठंतरी." यावर नातू मोठ्याने हसला. "आजी, हे वाय-फाय आहे. बिनतारी! याला तार कुठली?" आम्हीही त्या हसण्यात थोडेसे सामील झालो, हे कबूल केले पाहिजे.

या तीन निदानांत एक गोष्ट समान होती. काय करावे याविषयी प्रत्येकाचे मत ठरलेले होते. परंतु बिघाड आहे कोठे, हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. दूरसंदेशवहनाच्या इतिहासाकडे पाहिले असता असे दिसते की, हा साधा प्रश्न आधी विचारावयास मोठमोठ्या पंडितांसही पुष्कळ किंमत मोजून शिकावे लागले.

१८५८ च्या ऑगस्टात अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या तारेने युरोप व अमेरिका ही दोन खंडे प्रथमच जोडली गेली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पोहोचण्यास सुमारे १६ तास लागले, तरी दोन्ही तीरांवर उत्सव झाले. संदेश क्षीण येत होते. त्या कामावरील विद्युत्तज्ज्ञ व्हाइटहाउस हे मूळचे शस्त्रवैद्य. संदेश क्षीण आहे तर जोर वाढवावा, असा सरळ विचार करून त्यांनी सुमारे २००० व्होल्टचा विद्युद्दाब त्या तारेवर लादला. आधीच सदोष असलेली तार तो सोसू शकली नाही आणि तीन आठवड्यांच्या सुमारास कायमची मुकी झाली. याच कामावर असलेल्या विल्यम थॉमसन यांची, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने प्रसिद्धीस आलेल्या शास्त्रज्ञांची, रीत निराळी होती. जोर वाढविण्यापेक्षा अतिसूक्ष्म प्रवाहही दाखवील असे मापनयंत्र त्यांनी योजिले. चौकशी समितीचा अहवाल १८६१ साली प्रसिद्ध झाला. १८६६ ची यशस्वी तार त्यानंतरची आहे. आधी मोजणे व मग हात लावणे, हा धडा या दोहोंच्या मधल्या काळात शिकला गेला.

जमिनीवरील तारेचा धडाही हाच होता. ओशॉनेसी यांनी १८३९ साली कलकत्त्याजवळ सुमारे २१ मैल तार खांबांवर ताणून पहिले प्रयोग केले. १८५४ साली कलकत्ता, आग्रा व मुंबई ही शहरे तारेने जोडली गेली. १८७० साली मुंबईचा समुद्रातील तारेने एडनमार्गे इंग्लंडशी संबंध जडला. शेकडो मैलांची तार तुटली असता सगळी वाट कोण चालत पाहणार? म्हणून वाटेचे टप्पे पाडीत. अमुक तारघरापर्यंत संदेश जातो काय? जातो. त्याच्या पुढील तारघरापर्यंत? जात नाही. तेव्हा दोष या दोहोंच्या दरम्यान. तारेच्या एका टोकाशी बसून तिचा विद्युत्-रोध मोजला असता तुटीचे अंतर अजमावता येते, हेही लवकरच साधले. त्यास उपयोगी पडणारी, १८३३ साली क्रिस्टी यांनी काढलेली जुळणी व्हीट्स्टन यांनी १८४३ साली प्रसिद्धीस आणली होती. एवंच, दोषशोधनाची कला म्हणजे वाटेचे भाग पाडून प्रत्येक सांध्याशी थांबण्याची कला होय. तीस धीर जितका लागतो तितकी विद्वत्ता लागत नाही.

मग बिनतारीचे युग आले. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात भिंतींपलीकडून अदृश्य लाटा पाठवून दाखविल्या. १९०१ च्या डिसेंबरात मार्कोनी यांनी अटलांटिकच्या पलीकडून आलेला संकेत ऐकल्याचे जाहीर केले. आपल्या प्रांतात २३ जुलै १९२७ हा दिवस विशेष संस्मरणीय होय. मुंबईचे नभोवाणी केंद्र त्या दिवशी सुरू झाले आणि खडकी व दौंड येथील केंद्रांच्या द्वारे विलायतेशी बिनतारी संदेशवहनही त्याच दिवशी सुरू झाले. लोक या नव्या संदेशास 'बिनतारी तार' म्हणू लागले. या शब्दातील विसंगतीस आम्ही विद्यार्थिदशेत हसत असू. खोडाळ्यात आम्हांस कळले की त्या अडाणी वाटणाऱ्या शब्दातच अधिक सत्य होते.

कारण आज घरोघर जिला वाय-फाय म्हणतात ती बिनतारी वाट दहापंधरा पावलांची आहे. तिचाही इतिहास मनोरंजक आहे. १९८५ साली अमेरिकेने काही लहरी परवान्यावाचून वापरण्यास मोकळ्या केल्या. १९९७ साली त्यांवरील संदेशवहनाचे पहिले सामाईक नियम ठरले. १९९९ साली 'वाय-फाय' हे नाव व्यापारासाठी बनविण्यात आले. या लहरी भिंतींवर आपटून परततात व त्यांचे प्रतिध्वनी मूळ संदेशात मिसळतात. ही अडचण दूर करण्याच्या कामी ऑस्ट्रेलियातील जॉन ओसुलिव्हन व त्यांचे सहकारी यांचा मोठा वाटा आहे. ओसुलिव्हन हे मूळचे आकाशातील रेडिओलहरींचे अभ्यासक. फुटणाऱ्या सूक्ष्म कृष्णविवरांचा त्यांनी पूर्वी केलेला शोध निष्फळ ठरला होता, परंतु त्या कामातील गणित येथे उपयोगी पडले. आपल्या देशात या लहरींपैकी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. त्याच्या लाटेची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. ती लाकडी दारातून सहज जाते, जाड दगडी भिंतीत थकते आणि पोलादी पत्र्यापुढे हात टेकते.

परंतु ही झाली घरातली वाट. राउटर नावाच्या त्या डबीपासून पुढे काचेची बारीक तार खांबाखांबांवरून जाते, ती कंपनीच्या केंद्रास मिळते, तेथून शहरास, आणि परदेशी जाणारा बहुतेक संदेश तर आजही समुद्राच्या तळाशी असलेल्या तारांतूनच जातो. सारांश, बिनतारी म्हणून ज्याचे कौतुक करावयाचे ते शेवटचे अंगण तेवढे. बाकी सर्व मुलूख तारेचाच आहे. 'वाय-फाय गेले' आणि 'इंटरनेट गेले' ही दोन वाक्ये आपण एकाच अर्थी वापरतो, आणि निम्मा घोटाळा येथेच होतो.

म्हणून टाचणी बाजूस ठेववून आम्ही तारायंत्राच्या जुन्या रीतीने टप्पे पाडले. विजेचा दिवा लागला आहे काय? लागला आहे. एकाच मोबाइलवर बंद आहे की सर्वांवर? सर्वांवर, तेव्हा दोष एका मोबाइलचा नव्हे. राउटरजवळ उभे राहून मोबाइल त्याच्याशी जोडला जातो काय? उत्तम जोडला जातो. तेव्हा बिनतारी वाट शाबूत आहे व पासवर्डही बदललेला नाही. यंत्राची वीज काढून मिनिटभराने पुन्हा दिली. पुष्कळदा एवढ्याने काम होते, कारण यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीतील गुंता सुटून ते केंद्राशी नव्याने बोलणे सुरू करते. येथे काही झाले नाही. मग काचेच्या तारेचा सांधा नीट बसला आहे ना, तार कोठे मुडपली नाही ना, हे पाहिले. तिच्या टोकाशी डोळा नेऊ नये, हे मुलास बजावले. शेवटी डबीवर एक तांबडा दिवा लुकलुकत होता, त्याची खूण मोबाइलवरील माहितीत शोधली. बाहेरून प्रकाश येत नाही, असा त्याचा अर्थ निघाला.

तार तुटली होती, आणि ती घराबाहेर तुटली होती. आजींचे निदान खरे ठरले! टाचणी खुपसली असती तर बाहेरची तार जुळली नसतीच. उलट यंत्रातील सर्व नोंदी पुसल्या जाऊन एका बिघाडाचे दोन झाले असते. व्हाइटहाउस यांचा वंश अजून खुंटलेला नाही. तो प्रत्येक घरात एकेक आहे.

तक्रार नोंदविताना गुरुजींनी 'नेट चालत नाही' एवढेच न म्हणता, यंत्र चालू आहे, घरातील जोडणी ठीक आहे, बाहेरून प्रकाश येत नाही, अशी तीन वाक्ये सांगितली. तिसऱ्या दिवशी माणूस आला व दरड पडलेल्या वळणावरची तार जोडून गेला. तरीही पडवीत जोडणी क्षीणच होती. पुन्हा टप्पे पाडले. आता राउटरजवळ सर्व ठीक, दूर गेले की मंद. म्हणजे या खेपेस दोष घरातला. गळतीपासून रक्षण व्हावे म्हणून ती डबी पोलादी कपाटात ठेवलेली होती. ती काढून मधल्या खोलीत कोरड्या फळीवर उंच ठेविली, आणि अर्ज मुदतीत गेला.

गोष्ट लहान आहे. परंतु या भागात संदेश न पोहोचण्याचे मोल लहान नसते. १९९२ साली शेजारच्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे बालके दगावली, तेव्हा डोंगरातील दुःख शहराच्या कानी किती उशिरा पोहोचते हे महाराष्ट्रास कळले. आज शिधावाटप दुकानात अंगठा उमटवून धान्य मिळते. रोजगार हमीच्या कामावरील हजेरी मोबाइलवरून नोंदविण्याचा नियम २०२३ च्या जानेवारीपासून झाला. ग्रामपंचायती काचेच्या तारेने जोडण्याची योजना २०११ साली मंजूर झाली व पुढे 'भारतनेट' या नावाने चालली. मुंबईच्या आयआयटीने याच पालघर जिल्ह्यातील काही गावांत बिनतारी मार्गाने इंटरनेट नेण्याचे प्रयोग केले. हे सर्व स्तुत्यच होय. तथापि धान्यासाठी दोन कोस चालून आलेल्या बाईस 'आज नेट नाही' असे सांगितले जाते, तेव्हा ती आभाळाकडे पाहून परत जाते. जे आभाळातून येते ते आभाळानेच नेले, अशी तिची समजूत असते. 'बिनतारी' या शब्दाने ती समजूत अधिकच पक्की केली आहे.

वस्तुतः ते आभाळातून येत नाही. ते खांबांवरून, सांध्यांतून, कोणाच्या तरी हातांतून येते, आणि थांबते तेव्हा कोठेतरी ठरावीक जागी थांबते. ती जागा विचारण्याचा अधिकार प्रत्येकास आहे आणि विचारण्याची रीत कोणासही शिकता येण्याजोगी आहे. आम्ही निघालो तेव्हा आजींनी हसत विचारले, "सापडली का मग तार?" नातू मात्र या वेळी हसला नाही.