तीन अटी आणि एक वर्गफोटो

या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर आपल्या दहावीच्या तुकडीचा १९८३ चा फोटो आहे. त्यात सहा जण नाहीत. ते का नाहीत हे मला पक्कं ठाऊक आहे. पण ते सांगण्याआधी गेल्या डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारबद्दल लिहावं लागेल.

आम्ही पाच वर्गमित्र वर्ध्याहून सेवाग्रामला पायी निघालो होतो. आठ किलोमीटरांचा रस्ता, पण साठीकडे झुकलेल्या गुडघ्यांनी त्याला अडीच तास लावले. तुरीला शेंगा धरलेल्या, कापसाची वेचणी चालू, हवेत बोचरा गारवा आणि पिशवीत गोरसपाकाचे दोन पुडे. एकाकडे बंदुकीएवढी लेन्स, दोघांकडे साधे कॅमेरे, माझ्याकडे मोबाइल. निघतानाच ठरवलं होतं की फोटो काढायचे ते कनू गांधींच्या तीन अटींवर.

कनू गांधी म्हणजे बापूंचे पुतणे नारणदास यांचा मुलगा. १९१७ चा जन्म, म्हणजे बापू सेवाग्रामला राहायला आले त्या १९३६ साली हा पोरगा एकोणीस वर्षांचा. (तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायला लागला म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झालं.) आश्रमात त्याच्याकडे हिशेब आणि पत्रव्यवहाराचं काम होतं. बापूंची दिनचर्या फोटोंत टिपावी ही कल्पना विनोबांचे धाकटे भाऊ शिवाजीराव भावे यांच्यामुळे त्याच्या डोक्यात आली. आश्रमाकडे कॅमेऱ्यासाठी पैसे नव्हते. अखेर घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स आणि फिल्म आली. बापूंनी अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, मी पोज देणार नाही आणि आश्रम खर्च करणार नाही.

या अटी ऐकायला साध्या वाटतात. बापू कुटीत उभं राहिलं की त्यांचं वजन कळतं. मातीच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, लहान खिडक्या. त्या काळची फिल्म मंद, त्यामुळे आत फोटो घ्यायचा तर शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागणार, आणि माणूस तर हलणारच. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यातला प्रत्येक पैशाचा. रोलायफ्लेक्सची एक सोय मात्र होती. तो डोळ्याला लावायचा नसतो, पोटापाशी धरून वरून खाली बघायचं असतं. समोरच्यावर कुणीतरी नेम धरलाय असं वाटत नाही. कनूच्या फोटोंत बापू इतके निवांत दिसतात, त्यात या मान खाली घालण्याचा वाटा असावा असं माझं मत आहे.

परचुरे शास्त्रींच्या कुटीपाशी आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. संस्कृतचे हे पंडित कुष्ठरोगी होते. त्यांना आश्रमात ठेवून घेऊन बापू स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करत. तो फोटो कनूचाच. पुढे १९४४ च्या फेब्रुवारीत आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांच्या अखेरच्या क्षणी मात्र बापूंनी त्याला फोटो काढू दिला नाही.

आपल्यापैकी पुष्कळांना वाटतं की चरख्यामागे बसलेल्या बापूंचा तो जगप्रसिद्ध फोटो सेवाग्रामचा आहे. मीही बरीच वर्षं पाहुण्यांना तसंच सांगत आलो. तो १९४६ साली पुण्यात, डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात, मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी काढला. त्यांना फ्लॅशचे तीन बल्ब वापरायची परवानगी मिळाली होती. पहिले दोन प्रयत्न फसले.

रविवारी पवनारला गेलो. धाम नदीत पाणी कमी, खडक उघडे. १२ फेब्रुवारी १९४८ ला बापूंच्या अस्थी इथेच विसर्जित झाल्या. एका खडकावर बसून शेंगा खात असताना आमच्यातला एक जण (नाव लिहू नको म्हणाला) हळूच एकेकाचे फोटो काढत होता. मी म्हणालो, थांब, केस नीट करतो. तो म्हणाला, ‘दुसरी अट इसरला काय?’

तिसऱ्या अटीवरून मला आठवलं आणि मी बोललो. वर्गफोटोचे आठ रुपये गोळा करायचं काम मॉनिटर म्हणून माझ्याकडे होतं. पैसे दिले नाहीत त्यानं फोटोत उभं राहायचं नाही, हा नियम मीच केला होता. कोणत्याही सरांनी तसं सांगितलं नव्हतं, त्यांना कळलंही नव्हतं. गैरहजर असतील, असं मी त्यांना बिनदिक्कत सांगितलं. तो त्या सहांपैकी एक.

‘अबे, मी तं नळापाशी उभा राहून पाहून राहिलो होतो,’ तो म्हणाला. ‘फोटोवाल्यानं काळं कापड डोक्यावर घेतलं, ते लई भारी वाटलं मले. तुमच्याकडं कोण पाहते?’

मी माफी मागितली. त्यानं खिशात हात घातला. ‘आठ रुपये आता घेतो का?’

सगळे हसले. मला ते जमलं नाही.

त्यानं पवनारला काढलेला आम्हा चौघांचा फोटो या लेखासोबत दिला आहे. काढणारा तोच, त्यामुळे याही फोटोत तो नाही. बाकीच्या पाचांपैकी चौघांशी फोनवर बोललो, दोघे संमेलनाला येतो म्हणाले. एकाचा पत्ता अजून लागत नाही. आठवीत पुलगावहून आला होता, वडील रेल्वेत होते, अक्षर फार सुंदर होतं आणि मधल्या सुट्टीत फळ्यावर सुविचार तोच लिहायचा. कुणाला ठाऊक असेल तर कृपया कळवा.